तलवार शिवणीत गेली! (एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव)

फ्रान्समधली मध्ययुगीन लेखिका क्रिस्तीन द पिझाँने 1414 च्या सुमारास फ्रान्सची राणी इझाबोला आपल्या लेखनाची सचित्र पोथी दिली (आता ब्रिटिश लायब्ररीत, क्रमांक हार्ली 4431). इथल्या बऱ्याच मंडळींना ती ठाऊक आहे, त्यामुळे लांब प्रस्तावना नको. तिच्यातल्या ‘ओथेआचं पत्र’ची (जुन्या दंतकथांतून उपदेश करणारी रचना) चित्रं मोठी करून छापलेलं हे जाडजूड पुस्तक दिवाळीत सूट बघून घेतलं. परवा त्याची पानं सुटली, म्हणून लिहितोय.

आधी मुख्य तक्रार. पिरॅमस आणि थिस्बी म्हणजे दंतकथेतलं, आईबापांनी भेटू न दिलेलं प्रेमी युगुल: सिंहाने रक्ताने माखलेला थिस्बीचा बुरखा बघून पिरॅमस तलवारीने जीव देतो, मग त्याच तलवारीवर तीही. पिरॅमस-थिस्बीचं चित्र मूळ पोथीत जेमतेम एका रकान्याच्या रुंदीचं. प्रकाशकाने ते फुगवून समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलंय आणि तलवार नेमकी शिवणीत! पिरॅमस मरून पडलाय, थिस्बी झोकून देतेय, पण कशावर ते दिसतच नाही. सिंह मात्र अख्खा. एवढे पैसे मोजून सिंह बघायचा का? विक्रेत्याने प्रत बदलून दिली, तिच्यातही तेच. कस्टमर केअरवाली ताई म्हणाली, “सर, पान थोडं दाबून उघडा.”

दाबून उघडत राहिलो. जुलैच्या दमट हवेत डिंकाने जीव सोडला, पानं हातात आली आणि तलवार दिसली. तक्रार तशीच आहे, पण चित्राबद्दलचं मत बदललं. बाबिलोनची पोरं, अंगावर कपडे 15 व्या शतकातल्या फ्रान्सचे, आणि घटना एकामागून एक घडायच्या त्या सगळ्या एकाच चौकटीत. बुरखा बघून प्रेयसी मेली असं पिरॅमसने ठरवलं, तो सिंह अजून तिथेच.

मग नीट वाचायला घेतलं. शंभर प्रकरणं, बहुतेकांत वर चार ओळींचं पद्य, खाली कथा, त्याखाली धार्मिक अर्थ. पिरॅमसवरून क्रिस्तीन प्रेमाबद्दल नाही, तर खात्री केल्याशिवाय काही खरं मानू नये, असं सांगते. धार्मिक अर्थ तर आईबापांचा मान राखा! ज्या आईबापांनी भेटू दिलं नाही, त्यांचाच. आमच्या घरी हे मोठ्याने वाचून दाखवलं, वडील खूश.

हेरो-लिआंडर (दंतकथेतलं आणखी एक युगुल; तो तिच्याकडे पोहत येताना बुडतो) एका पानावर आहेत, म्हणून धडधाकट. बुरुजावरून समुद्रात झेपावणारी हेरो छान आलीये. वर्खाच्या जागी मात्र मळका पिवळा छापलाय. या किमतीत ते खपवून घेणार नाही.

बाइंडर म्हणाला, परत शिवून देतो, पण शिवण अजून अर्धा बोट आत जाईल. म्हणजे तलवार पुन्हा गायब, वर माझेच पैसे. नको. सुटी पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलीत.

दोन स्टार दिले होते, आता तीन. पूर्ण किमतीला घेऊ नका. आणि घेतलंच, तर पैसे परत मागायची मुदत संपायच्या आत ते पान उघडून बघा.