मागेल त्याला शेततळं, पैसे मात्र मागाहून

या सरकारी योजनेसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, लॉटरीत नाव लागलं, इथवर झकास. खोदाईला अनुदान कमाल 75 हजार, पण हातात पडतं ते काम झाल्यावर. तोवर पोकलेनवाल्याला घरचेच मोजले. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं, उतरत्या बाजूंचं तळं, म्हणजे साधारण 22 लाख लिटर. आमच्या मुरमाड रानात तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरल्याशिवाय थेंब ठरत नाही. कागदवाल्यानं एका कोपऱ्यात जोड कच्चा सोडला. आठवड्यात पाणी हातभर खाली! फोन उचलेना, मग दुसऱ्याकडून चिकटवून घेतलं. यंदा डाळिंबाला मार्चपर्यंत टँकर बोलवला नाही. आणि हो, कुंपण आधी करा. आमचा मोत्या कागदावरून घसरला, दोर टाकून काढला.