२८० रुपयांचा रबरी झाडू आणि आमची कुंदा

कुंदा म्हणजे आमचं मांजर. रंग अगदी कढईत आटवलेल्या कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईचा, म्हणून नातीनं ते नाव ठेवलं. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत सहा बाय नऊचा लोकरी गालिचा आहे, आणि कुंदाची दुपार त्याच्यावरच जाते. मी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. कापसाचे तंतू नाकातोंडात घेऊन जगलेल्या माणसाला मांजराच्या केसांचं काय वाटणार? पण सुनेला शिंका सुरू झाल्या. निपाणीची पोर, तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत वाढलेली; तिथं कधी शिंकली नाही म्हणे, आणि इथं सकाळी चहा गाळताना ओळीनं अकरा शिंका. कातडीवर टोचून करतात ती तपासणी केली. मांजर आणि धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, दोन्हींच्या जागी गांध उठली.

मांजर देऊन टाकायचा विषय निघाला, पण नातीचा चेहरा बघून कुणी दुसऱ्यांदा काढला नाही. मग गालिच्याच्या मागं लागलो.

पहिली चूक आषाढात केली. घरी येऊन गालिचे धुणाऱ्या एकाला बोलावलं. नाव लिहीत नाही, पोरगं कष्टाळू होतं. त्यानं आल्या आल्या शाम्पूचं पाणी फवारलं, ब्रश फिरवला, पाणी ओढून घेतलं आणि ओले केस ब्रशला गुंडाळले गेल्यावर मला कन्नडात विचारलं, ‘बेक्क ऐतेन्री?’ अरे बाबा, मांजर आहे का हे आधी विचारायचं की नाही! ओला केस लोकरीत असा बसतो की नमदाच होतो. वरून बेळगावचा पाऊस. गालिचा चार दिवस वाळला नाही, खालच्या कापडाला कुबट वास धरला. माइटला दमट हवाच लागते, म्हणजे पैसे देऊन आम्ही त्यांची सोय केली. धुवायचंच असेल तर उन्हाळ्यात, आणि एका दिवसात वाळेल अशा बेतानं.

दिवाळीच्या आधी खडेबाजारात पणत्या घ्यायला गेलो होतो, तिथं हा झाडू दिसला. रबरी दात्यांचा, एका बाजूला फरशीचं पाणी ओढायची पट्टी, दांडा लांब-आखूड होणारा. ‘काका, केस ओढतोय बघा,’ दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, सगळेच असं म्हणतात. त्यानं दुकानातल्याच पायपुसण्यावर ओढून दाखवला आणि मला गप्प केलं.

घरी आणून, आठवड्याला फिरवायच्या जुन्या व्हॅक्यूमनं नुकत्याच साफ केलेल्या गालिच्यावर मुद्दाम ओढला. पहिल्या हातभर पट्ट्यात मुठीएवढा केसांचा गोळा! ही म्हणाली, ‘इतकी वर्षं आपण काय साफ करत होतो?’ यात जादू काही नाही. व्हॅक्यूम हवा ओढतो, आणि गालिच्याच्या लवेत, म्हणजे वर आलेल्या धाग्यांत, आडवा विणला गेलेला केस हवेला दाद देत नाही. रबर त्याला घासून, धरून वर काढतं. कोरड्या दिवसांत घर्षणानं वीज धरते, मग केस आपण होऊन चिकटतात. पावसाळ्यात तेवढी मजा नाही. मागावर आम्ही हेच बघायचो, हिवाळ्यात धागा अंगाला चिकटायचा.

ओढायची दिशा महत्त्वाची. गालिच्यावर तळहात फिरवा. एका बाजूनं फिरवला की मऊ लागतो, उलट फिरवला की खरखरीत. खरखरीत लागतो त्या दिशेनं, म्हणजे लवेच्या विरुद्ध, आखूड आखूड झटके. लांब ओढला तर केस पुन्हा पसरतात. हे पाकिटावर कुठंच लिहिलेलं नाही. आणि ज्या गालिच्याला नुसत्या धाग्यांचे गोल फासे असतात त्यावर हा चालवू नका, फासा उसवतो.

केसांसाठी पैकीच्या पैकी गुण. शिंकांसाठी मात्र निम्मेसुद्धा देणार नाही. पहिल्या आठवड्यात मी मिशीला पीळ देत सुनेला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, ‘मामा, गालिचा छान दिसतोय. नाक तसंच आहे.’

डॉक्टरांनी मग समजावलं. त्रास केसाचा नाहीच. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रथिन असतं, फेल डी १ नावाचं. मांजर अंग चाटतं, ते वाळतं, कोंड्याबरोबर झडतं. केस नुसता टेम्पो, माल वेगळाच. आणि माल इतका बारीक की त्यातला काही भाग तासन्‌तास हवेत तरंगतो. आमचा जुना पिशवीवाला व्हॅक्यूम हा माल पुढून ओढून मागून खोलीत सोडत होता; तो चालू असताना सून जास्त शिंकायची, ते यामुळं.

म्हणून हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घेतला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरणारा तो हेपा. पण फिल्टर चांगला असून झाकणातून हवा गळत असेल तर उपयोग शून्य, म्हणून दुकानात चालू करून सांध्यांवर हात फिरवून बघितला. आता क्रम असा: कोरडा झाडू, गोळे उचलून पिशवीत, मग व्हॅक्यूम उभा आणि आडवा, गाय चरते तितक्या सावकाश. त्या वेळी सून बाहेर. डबा मी अंगणात, तोंडाला मास्क बांधून रिकामा करतो. कुंदाची चादर ६० अंशांच्या पाण्यात धुतो. सुनेच्या खोलीतलं जाजम काढून टाकलं, तिथं नुसती फरशी आणि कुंदाला बंदी. शिंका आता अकरावरून दोन-तीनवर आल्यात, पण त्याला चार महिने लागले.

झाडूबद्दल एक तक्रार. दांड्याचा सांधा महिन्याभरात ढिला झाला, जोर दिला की आत सरकतो. मी त्यात जुन्या मागाची सागवानी पट्टी ठोकून बसवली आहे. तुमच्याकडं माग नसेल तर दुकानातच साधा लाकडी दांडा मागून घ्या.