तीन महिन्यांचा, चौदा किलोचा

आमचा भीम आता दीड वर्षाचा आहे आणि त्याचं वजन २६ किलो आहे. कुत्रा म्हणून तो लाखात एक, त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती, 'हा पन्नास किलोच्या अलीकडे थांबायचाच नाही' असं सांगून ज्यानं तो आमच्या गळ्यात मारला त्या माणसाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण ती ओळखता आली तर नावाची गरज पडत नाही.

आम्हाला मोठा कुत्रा हवा होता. शुद्ध जातीचाच हवा असा हट्ट नव्हता. त्यानं पिल्लाचा व्हिडिओ पाठवला, आईचाही पाठवला (ती आई याचीच कशावरून, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही). आई लॅब्राडोर, बाप ग्रेट डेन, वय तीन महिने. बघायला गेलो तेव्हा त्यानं पिल्लू आमच्यासमोर काट्यावर ठेवलं. १४ किलो. "दादा, तीन महिन्यांत चौदा! पंजे बघा त्याचे," असं म्हणत त्यानं भीमचा पुढचा पाय माझ्या तळहातावर ठेवला. पंजा खरंच मोठा होता. तिथल्या तिथे नाव ठरलं, पैसे दिले, निघालो.

सोबत लसीचं कार्ड मिळालं. सगळ्या लसी झालेल्या, जंताचं औषध दिलेलं, पुढची तारीख थेट एक वर्षानं. "आता उगाच दवाखान्यात नेऊ नका, तिथूनच आजार लागतात," हा सल्ला फुकट मिळाला. आम्ही तो पाळला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त लाज वाटते ती याचीच.

घरी आल्यावर मी वही केली. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, भीमला उचलून काट्यावर उभा राहायचो, मग एकटा उभा राहायचो आणि वजाबाकी लिहायचो. ही पद्धत चांगलीच आहे, आजही तीच वापरतो. पण पहिल्या आठवड्यात ७०० ग्रॅम वाढले, दुसऱ्यात ६००. मी इंटरनेटवर ग्रेट डेनचे आकडे बघून ठेवले होते, त्यांच्यापुढे हे काहीच नव्हतं. काळजीनं त्याच माणसाला फोन लावला.

"आठवड्याला दोन किलो चढलंच पाहिजे, दादा. हाडाला ताकद कमी पडतेय." मग पावडर आली. कॅल्शियमची, त्याच्याकडचीच, डब्यावर छापील काहीच नाही, नुसती हातानं लिहिलेली चिठ्ठी. रोज दोन चमचे, शिवाय खाणं दीडपट करायचं. आम्ही केलं. भीमला काय, आनंदच होता.

त्यानंतर चारपाच दिवसांत त्याच्या अंथरुणात एक दात सापडला. एवढासा, वाकडा, सुईसारखा टोकदार, मुळाशी किंचित लालसर. सुळा होता तो. खेळणं चावताना तुटला असेल असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. फोटो पाठवला, तर तिकडून उत्तर: "बघा, कॅल्शियम कमी आहे म्हणून दात पडला. तीन चमचे करा." ज्या दातानं त्याची चोरी उघडी पडायला हवी होती, तोच दात त्यानं आणखी एक डबा खपवायला वापरला. आता आठवलं की हसूही येतं. आईनं तो दात कापसात गुंडाळून एका डबीत ठेवून दिला.

सहाव्या आठवड्यात भीम लंगडायला लागला. आधी पुढचा उजवा पाय, चार दिवसांनी तो बरा, मग मागचा डावा. फोनवर पुन्हा तेच, वाढीचं दुखणं आहे, पावडर चालू ठेवा. शिवाय घरातली माणसांची दुखण्याची गोळी द्या म्हणाला. तेवढं ऐकलं नाही, हे नशीब. माणसांच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक असतात, हे मला नंतर कळलं.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी पायाकडे बघायच्या आधी विचारलं, "वय काय?" मी म्हटलं, साडेचार महिने. त्यांनी भीमचा वरचा ओठ अंगठ्यानं वर केला, तीन सेकंद पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

मग त्यांनी मलाच बघायला लावलं. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात, पक्के ४२. समोरचे छोटे दात साधारण तीन ते पाच महिन्यांत बदलतात, सुळे त्यानंतर, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास, आणि सगळ्यात मागच्या दाढा सहा-सात महिन्यांत येतात. भीमचे चारही सुळे पक्के होते आणि मागची शेवटची दाढ हिरडीतून डोकं काढत होती. साडेसहा महिने तरी झालेत, त्या म्हणाल्या. मी डबीतल्या दाताचं सांगितलं. "म्हणजे तेव्हा तो साडेपाचचा असणार. चौथ्या महिन्यात सुळा पडत नाही हो."

गणित तिथेच सुटलं. घेतला तेव्हा भीम तीन नव्हे, पाच महिन्यांचा होता. तीन महिन्यांत १४ किलो म्हणजे राक्षसी वाढ. पाच महिन्यांत १४ किलो म्हणजे पंचवीसेक किलोवर थांबणारा एक सुदृढ, मिश्र जातीचा कुत्रा. काटा खरं बोलत होता, खोटी होती ती तारीख. आणि त्या खोट्या तारखेमुळेच मी एका निरोगी पिल्लाला 'वाढ खुंटलेलं' समजून दीडपट खाऊ घालत होतो. वजनाचे तक्ते असतात, पण ते वय आणि मोठेपणीचा अंदाजे आकार धरून वाचायचे असतात. मिश्र पिल्लाच्या बाबतीत आकार हा आधीच अंदाज, त्यात वयही खोटं निघालं तर तक्ता नुसता कागद उरतो. पंज्यांचंही तेच. मोठ्या पंज्यांची पिल्लं मध्यम कुत्री होतात, हे मी रोज घरात बघतोय.

"मग बघायचं कशावरून?" मी विचारलं. त्यांनी माझा डावा हात धरला. मूठ वळवून बोटांच्या मुळाच्या गाठींवरून उजवी बोटं फिरवायला लावली. फासळ्या अशा लागल्या तर कुत्रा हडकुळा. मग पंजा सरळ करून हाताच्या पाठीवरून फिरवायला लावली, हाडं जाणवतात पण वर पातळ थर आहे. फासळ्या अशा लागायला हव्यात. मग हात उलटा करून तळव्यावर, अंगठ्याखालच्या मांसल भागावर. "आता भीमच्या बरगडीवर ठेवा." ठेवला. दाबल्याशिवाय फासळी हाताला लागतच नव्हती. वरून बघितलं तर कंबर नावाला नाही, बाजूनं बघितलं तर पोटाची रेघ छातीतून मागे वर जायच्या ऐवजी सरळ. अंगाच्या ठेवणीचा १ ते ९ असा मापदंड असतो, त्यात ४-५ उत्तम. भीमला ७ मिळाले. केसाळ कुत्रा नुसत्या नजरेनं कळत नाही, हात लावावाच लागतो, असंही त्या म्हणाल्या. आणि पोट तेवढं फुगलेलं पण वरच्या फासळ्या हाताला टोचतायत, अशा पिल्लाला 'खातंपितं' समजू नये. ते बहुतेक वेळा जंत असतात.

पावडरीबद्दल त्या खरंच चिडल्या. लहान पिल्लाच्या आतड्याला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. दिलं तेवढं बरंचसं आत शिरतं आणि कूर्चेचं हाड होण्याच्या कामात गोंधळ घालतं. पिल्लांच्या संपूर्ण आहारात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, मोठ्या जातींच्या आहारात तर त्याला वरची मर्यादा असते. त्यावर चमचे ओतणं म्हणजे मोजून बांधलेल्या भिंतीत मनाला येईल तिथे विटा खुपसणं. जास्त खाऊ घातल्यानं कुत्रा अंतिमतः मोठा होत नाही, फक्त तिथे लवकर पोहोचतो आणि वाटेत सांध्यांवर नको तेवढा भार घेतो. लॅब्राडोरच्या ४८ कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचवीस टक्के कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या खुब्यांचे त्रासही कमी होते. गुबगुबीत पिल्लू बघून सगळे कौतुक करतात, डॉक्टर सोडून.

एक्स-रे काढला. लंगडण्याचं कारण लांब हाडांच्या आतली, वाढत्या वयातली सूज निघाली. ती एका पायातून दुसऱ्यात फिरते आणि बहुधा आपोआप जाते. पावडरीमुळेच झालं असं बाई म्हणाल्या नाहीत, मीही म्हणणार नाही. पण दुखणाऱ्या पिल्लाला रोज जाडजूड करत ठेवणं हे औषध नक्कीच नव्हतं. पावडर त्या दिवशी बंद झाली, खाणं मोजून, उड्या आणि जिने काही दिवस बंद. दोन महिन्यांनी कंबर परत आली.

लसीचं कार्ड त्यांनी उजेडात धरलं आणि मला परत दिलं. सगळ्या तारखा एकाच पेननं, एकाच दमात लिहिलेल्या. लस टोचली की कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर असतो. इथे एकही स्टिकर नाही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही, शिक्का नाही. लसी पहिल्यापासून कराव्या लागल्या. दीड महिना ते कार्ड आमच्या कपाटात होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

त्या माणसाला मी फोन केला होता. आधी म्हणाला, दात लवकर येतात काही पिल्लांना. मग म्हणाला, माझ्याकडे ते दुसऱ्याकडून आलं होतं. मग फोन उचलणं बंद.

गेल्या महिन्यात त्याची नवी जाहिरात दिसली. काळं-पांढरं पिल्लू, तसाच काटा, खाली लिहिलेलं: वय तीन महिने, वजन १५ किलो. मी बहिणीच्या नंबरवरून मेसेज टाकला की पिल्लू आवडलंय, लगेच घेतो, फक्त ओठ वर करून समोरच्या दातांचा एक फोटो पाठवा. दोन निळ्या टिका आल्या. 'टायपिंग' असं दिसत राहिलं बराच वेळ. मग त्याचा प्रोफाइल फोटोच गायब झाला.