मायएसक्यूएल ५.७ वरून ८.०: काही महिने वापरल्यानंतर, खास करून लोड जॉबबद्दल

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीचा सपोर्ट संपला, मग आम्हालाही हलावंच लागलं. सर्व्हर म्हणून ८.० उत्तम आहे. विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीशेजारी बेरीज, क्रमांक वगैरे काढून देणारी सोय) मिळाल्यापासून रिपोर्टच्या लांबलचक क्वेरी वाचण्याजोग्या झाल्या. पण रात्री सीएसव्ही फाइलमधला डेटा टेबलात भरणाऱ्या जॉबनी (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टनी) सुरुवातीला चांगलंच जागवलं.

आधी आरडाओरडा करून पडणारे जॉब. ८.० मध्ये 'लोकल_इनफाइल' (क्लायंटकडची फाइल टेबलात भरू देणारं सेटिंग) मुळातच बंद असतं, त्यामुळे एरर ३९४८. सर्व्हरवर चालू करूनही तीच एरर आली तर क्लायंट (सर्व्हरला जोडणारा प्रोग्राम) बघा, परवानगी दोन्हीकडे लागते. 'सेट ग्लोबल'ने बदललेलं सेटिंग रीस्टार्टला उडतं, 'सेट पर्सिस्ट'ने बदललेलं टिकतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर एसक्यूएल मोडमध्ये (सर्व्हर किती काटेकोर वागेल ते ठरवणारं सेटिंग) 'नो_ऑटो_क्रिएट_यूजर' असेल तर एरर १२३१, कारण तो मोडच काढून टाकलाय. कॉलमचं नाव 'रँक' असेल तर सिंटॅक्स एरर. आता तो राखीव (एसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेला) शब्द आहे. लॉगिनची गंमत अशी, की जुनी खाती चालत राहतात आणि अपग्रेडनंतर जॉबसाठी काढलेलं नवं खातं जुन्या कनेक्टरला (स्क्रिप्टला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) चालत नाही, कारण नव्या खात्यांची पासवर्ड तपासायची पद्धत नवी आहे. अशा वेळी कनेक्टर बदला, पासवर्डची पद्धत मागे नेऊ नका.

हे सगळं एका दुपारचं काम. खरा ताप दिला कोलेशनने, म्हणजे मजकुराची तुलना कशी करायची त्या नियमांनी. नव्या डेटाबेसमधली स्टेजिंग टेबलं (फाइलमधला डेटा आधी तात्पुरता उतरवायची टेबलं) आपोआप 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' मध्ये तयार होतात, जुनी टेबलं 'जनरल_सीआय' मध्येच राहतात. दोन्ही टेबलांचा जॉइन केला (जोडून वाचली) की एरर १२६७. सगळीच टेबलं नव्या कोलेशनवर नेली की एरर जाते, जॉब हिरवा होतो आणि तरीही काही ओळी गायब! कारण जुनं कोलेशन तुलना करताना शेवटची स्पेस मोजत नव्हतं, ०९०० वालं मोजतं. फाइलमध्ये 'सातारा' पुढे एक स्पेस असली, की मास्टर (मूळ यादीच्या) टेबलातल्या 'सातारा'शी तो जुळत नाही. युनिक की (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) सुद्धा दोन्ही नोंदी बिनतक्रार आत घेते. उपाय एकच: लोड करतानाच ट्रिम, म्हणजे कडेच्या स्पेस काढून टाकणं. पण आधी जुना डेटा साफ करा.

तसंच 'ग्रुप बाय'चं (ओळींचे गट पाडण्याचं). ५.७ मध्ये निकाल आपसूक क्रमाने यायचा, आता 'ऑर्डर बाय' लिहावंच लागतं. क्रमावर विसंबलेली पुढची स्क्रिप्ट न कुरकुरता चुकीचं आउटपुट देते.

मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर जरूर चालवा, पण तो सर्व्हरमधलं तपासतो; क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालणाऱ्या स्क्रिप्ट त्याला दिसत नाहीत. म्हणून लोडनंतर फाइलमधल्या आणि टेबलातल्या ओळी मोजून ताडून बघणारी पायरी आता प्रत्येक जॉबला आहे. डिस्कवरही लक्ष ठेवा: बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) आता आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठतो, मोठ्या लोडला तो भराभर फुगतो.

८.० चा सपोर्टही एप्रिल २०२६ पर्यंतच. ५.७ वरून थेट ८.४ वर इन-प्लेस (डेटा जागेवरच ठेवून) उडी मारता येत नाही, वाटेत ८.० लागतंच. ८.४ मध्ये जुनी पासवर्ड पद्धत मुळातच बंद असते, म्हणून कनेक्टरचं काम आत्ताच उरकून घ्या.