एक्स्पर्ट एचसीव्ही व्हायरल लोड: काट्रिज भरवशाचं, पण नळीपासून सांभाळा

जिल्हा रुग्णालयांत क्षयरोगाच्या तपासणीमुळे सीबीनॅट म्हणून ओळखलं जाणारं जीनएक्स्पर्ट यंत्र हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा (एचसीव्ही) व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाणही मोजतं. यंत्र तेच, फक्त काट्रिज, म्हणजे एका तपासणीची रसायनं भरलेली डबी, वेगळं. सेफिड कंपनीच्या या काट्रिजला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता 2017 मध्ये मिळाली. दिवसाला पाच-दहा नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेनं हेच घ्यावं, असं आमचं मत आहे. मोठ्या यंत्रावर बॅच भरेपर्यंत नमुने थांबतात. इथे चारही मॉड्यूल (काट्रिज बसवायचे कप्पे) स्वतंत्र चालतात, त्यामुळे एकात क्षयरोग आणि शेजारच्यात एचसीव्ही लावता येतो. एका तपासणीला सुमारे 105 मिनिटं लागतात. सकाळी रक्त दिलेल्या रुग्णाला दुपारी उत्तर मिळतं आणि औषध सुरू करायला तो पुन्हा एसटीनं यायची गरज उरत नाही.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा यंत्राच्या आधीच. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतच घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतं. नळी हळुवार आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. सहा तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढा. काट्रिजला पूर्ण 1 मिली प्लाझ्मा लागतो, म्हणून रक्त किमान 4 मिली घ्यावं. 2 मिलीची नळी अर्धवट भरून आली, तर प्लाझ्मा पुरत नाही आणि महागडं काट्रिज फुकट जातं. पिपेटनं प्लाझ्मा उचलताना पेशींच्या थराला टोक लावू नका. फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) तंतू आत गेला की काट्रिजमधला दाब वाढतो आणि 2008 क्रमांकाची एरर येते. ती आली की आधी नमुना पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, मगच नवं काट्रिज उघडा. 5006 किंवा 5007 आली, तर प्रोब चेक (काट्रिजमधली रसायनं ठीक आहेत का, याची यंत्रानं सुरुवातीला केलेली तपासणी) फसला असं समजायचं. काट्रिजच्या मागच्या चपट्या रिअॅक्शन ट्यूबला बोट लावायचं नाही, हे नव्या तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी सांगा. खोली 15 ते 30 अंशांत ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात त्यासाठी एसी लागतोच, आणि मधेच वीज गेली तर चालू तपासणी वाया जाते, म्हणून यूपीएसही हवा.

एक धोका क्षयरोगाच्या कामातून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. या काट्रिजमध्ये ग्वानिडिनियम थायोसायनेट हे रसायन असतं. वापरलेलं काट्रिज किंवा त्यातून सांडलेला द्रव हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) टाकला, तर विषारी वायू सुटतो. सवयीनं ब्लीचच्या बादलीकडे जाणारा हात तिथेच थांबवा.

आकडे वाचण्याबद्दल थोडं. मोजमाप मिलीलिटरला 10 ते 10 कोटी आययू (आंतरराष्ट्रीय एकक) इतकं होतं. ‘डिटेक्टेड, 10 पेक्षा कमी’ म्हणजे विषाणू आहे, पण मोजता येत नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ हा वेगळा निकाल. दोन्ही अहवालांत ‘निगेटिव्ह’ लिहिणं ही गंभीर चूक आहे. एकदा 2 लाख आणि पुढच्या वेळी 5 लाख आले, तर रुग्ण हादरतो. लॉगमध्ये (दहाच्या घातांकात) ते 5.30 आणि 5.70 होतात. 0.5 लॉगच्या आतला फरक तपासणीच्या चढउतारातच जमा धरतात. शिवाय व्हायरल लोड जास्त म्हणजे यकृत जास्त खराब, असं नसतं. खरा निर्णायक नमुना उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी घ्यायचा. शेवटच्या गोळीच्या दिवशीचा नकारात्मक निकाल म्हणजे बरं झाल्याची खात्री नव्हे.

बोटाच्या रक्तावर चालणारं वेगळं काट्रिजही आहे. त्याला 100 मायक्रोलिटर रक्त पुरतं आणि तासाभरात उत्तर येतं. शिबिरात, तुरुंगात, शीर सापडत नाही अशा रुग्णाला ते वरदान आहे. मात्र प्लाझ्माच्या काट्रिजइतकी बारीक संख्या त्यात मोजली जात नाही.

जीनोटाइपचं, म्हणजे विषाणूच्या जनुकीय प्रकाराचं, उत्तर मात्र या यंत्राकडे नाही. 1 ते 6 हे सगळे जीनोटाइप ते मोजतं, पण त्यांतला कुठला आहे हे सांगत नाही. त्यासाठी लाइन प्रोब पट्टी (जिच्यावर उमटलेल्या रेघांवरून प्रकार ओळखतात) किंवा सिक्वेन्सिंग (विषाणूच्या जनुकांचा क्रम वाचणं) लागतं, म्हणजे बहुधा बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवणं आलं. सोफोस्बुव्हिर-वेल्पाटास्व्हिर ही औषधांची जोडी सर्व जीनोटाइपवर चालते, त्यामुळे पहिल्यांदा उपचार घेणाऱ्या प्रत्येकाला या खर्चात पाडणं आम्हाला पटत नाही. लेडिपास्व्हिर हे दुसरं औषध द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या जीनोटाइप 3 वर ते कमजोर पडतं. आधीचा उपचार फसलेला असेल, तरीही जीनोटाइपची तपासणी करून घ्यावी.

पट्टी कुठली, हेही विचारा. विषाणूच्या जनुकांतला फक्त 5' यूटीआर हा भाग पाहणाऱ्या जुन्या पट्ट्या जीनोटाइप 6 चे काही उपप्रकार 1बी (जीनोटाइप 1 चा उपप्रकार) म्हणून दाखवत. नव्या पिढीच्या पट्टीत कोअर भागही पाहिला जातो. विषाणू मिलीलिटरला हजार आययूच्या आसपास किंवा त्याखाली असले, तर पट्टीवर रेघा पुसट उमटतात आणि अहवाल ‘अनिर्णित’ येतो. म्हणून जीनोटाइप हवाच असेल, तर त्याचा नमुना पहिली गोळी घेण्याआधी काढा. गोळ्या सुरू झाल्या की विषाणू झपाट्यानं घटतात, आणि मग पट्टीला वाचण्यासारखं फारसं काही उरत नाही.