बिल मागितलं तेव्हाच ओळखायला हवं होतं

इंदापूर तालुक्यात माझं अस्तरीकरण केलेलं शेततळं आहे. त्यात चिलापी मासे. खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, त्यामुळे किलोमागे 6 रुपये स्वस्त म्हटल्यावर कान टवकारले.

विकणारा म्हणाला, "दादा, प्रोटीन 24 टक्केच आहे, पण वरून लायसिन-मिथिओनिन टाकलंय. 28 च्या खाद्याइतकीच वाढ मिळंल." यातलं शास्त्र खरं आहे, म्हणूनच मी फसलो. माशाला नुसतं प्रोटीन लागत नाही, ते ज्यापासून बनतं ती अमिनो आम्लं लागतात; लायसिन, मिथिओनिन ही त्यातलीच. सोयापेंडीत मिथिओनिन कमी, शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी. ती तूट भरून काढली तर प्रोटीन थोडं कमी केलं तरी चालतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "पुढच्या गाडीबरोबर देतो." मी गप्प बसलो.

दोन महिन्यांनी जाळं टाकलं. अडीचशे ग्रॅमचा मासा अपेक्षित होता, हातात आला दीडशेचा. डोकं मोठं, पाठ बारीक. पाणी गर्द हिरवं झालेलं, अमोनिया वाढलेला. विक्रेत्याने खापर बोटुकलीवर, म्हणजे तळ्यात सोडलेल्या लहान पिल्लांवर फोडलं.

मी नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवाल आला: क्रूड प्रोटीन 23.6. म्हणजे माल पास! तो अहवाल धरून मी पायरीवर बसून राहिलो. मग तिथल्याच एका मॅडमनी समजावलं. ही चाचणी प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. 100 किलोत 2 किलो युरिया कालवला की कागदावर पावणेसहा टक्के 'प्रोटीन' वाढतं. मासा त्यातलं काहीच अंगाला लावत नाही. त्यांच्या सांगण्यावरून युरिया आणि लायसिन वेगळं तपासून घेतलं. चिलापीला खाद्यात दीड टक्क्याच्या आसपास लायसिन लागतं, निघालं 0.8. युरिया मात्र भरपूर.

दुधातला युरिया ओळखायची घरगुती रीत इथेही कामी येते. खाद्य पाण्यात भिजवून गाळायचं, त्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून हलवायचं, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस कागद बुडवायचा. निळा पडला तर संशय धरा. भरवशाच्या खाद्याचं पाणी शेजारी ठेवून तीच चाचणी करा, म्हणजे गफलत होणार नाही. सोयाबीन भाजलेलं नको, भाजल्यावर त्यातलं युरिएझ, म्हणजे युरियाचा अमोनिया करणारं विकर, मरतं. आणि 'अमिनो आम्लयुक्त' म्हणणाऱ्याकडे त्या लॉटचा लायसिन-मिथिओनिनचा अहवाल मागा. नुसता क्रूड प्रोटीनचा आकडा दाखवला तर घेऊ नका.

माझं नुकसान मी सोसीन. पण माझ्या शब्दावर शेजारच्या दोघांनी हाच माल घेतला होता. त्यांच्याकडचे उरलेले आठ कट्टे मी परवा स्वतः उचलून आणले आणि त्यांचे पैसे दिले. एकाच्या तळ्यात अजून चार हजार मासे आहेत, त्याला नवं खाद्य मिळेपर्यंत माझ्याकडचं चांगलं खाद्य देतोय.