तबेला बंद, सगळे शोला!

पुण्याजवळच्या एका क्लबच्या जंपिंग शोला, म्हणजे घोड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेला, आम्ही तबेल्यातले सात जण रविवारी गेलो. रोज पहाटे लीद उचलणारी मंडळी इस्त्रीच्या शर्टात ओळखूच येईनात.

स्पर्धेआधी रायडर पायीच कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, फिरतात, ते नक्की बघा. माणसाच्या साधारण चार मोठ्या ढांगा म्हणजे घोड्याची दौडतानाची एक ढांग, असं दोन अडथळ्यांमधलं अंतर मोजत जातात. आमचे मामा तीस वर्षं मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), तेही कुंपणाबाहेरून मोजत होते. ‘तिसऱ्याला अडणार बघ,’ म्हणाले, आणि तपकिरी घोडी तिथेच अडली! 4 फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. अडथळ्याची दांडी पाडली तरी 4च. त्यानंतर आम्ही निकालाचा फलक बघणंच सोडलं, मामांकडेच बघत बसलो.

घोड्यांना मंडप, पाण्याच्या बादल्या, सगळं चोख. माणसांना मात्र सावली नाही, वडापाव गार. आणि तो भोंगा! दर घोषणेला जनावरं कान टवकारून बिचकत होती; आयोजकांना हे कळू नये?

प्रवेश फुकट होता. पाचपैकी चार तारे. एक भोंग्यापायी कापला. टोपी न्या. गूळ नेलात तर खिशातच ठेवा, परक्या घोड्याला विचारल्याशिवाय भरवू नका. मामांनी आम्हाला तिथेच झापलं.